‘समजा’ची शिस्त : ब्रिटिश विज्ञानकथा कोयनेकाठी वाचताना

कोयना परिसरातील गोठणे या गावी २०१७ साली जमिनीत एक भोक पाडण्यात आले. त्याची खोली होती तीन किलोमीटर. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर आपल्या ओळखीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, आणि त्याखाली कोट्यवधी वर्षे दडून राहिलेला ग्रॅनाइटसारखा जुना खडक. कोयनेचे भूकंप जेथे उगम पावतात त्या खडकाचे तापमान किती, त्यावर ताण किती, त्यात पाणी कितपत मुरले आहे हे जवळून मोजता यावे, यासाठी हा खटाटोप. कराडजवळ हजारमाची येथे यासाठी केंद्र सरकारने खास प्रयोगशाळाच उभारली आहे.

याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी, १९२८ साली, एका ब्रिटिश लेखकाने असेच एक भोक कागदावर पाडले होते. हा लेखक म्हणजे शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल, आणि त्याची कथा ‘व्हेन द वर्ल्ड स्क्रीम्ड’, म्हणजे ‘पृथ्वी किंचाळली तेव्हा’. कथेतल्या प्रोफेसर चॅलेंजरची कल्पना अशी, की पृथ्वी हा एक प्रचंड सजीव प्राणी आहे. समुद्रातल्या काटेरी कवचाच्या प्राण्यासारखे तिचे कवच टणक आणि आत मऊ जिवंत मांस. आपण मुंग्यांसारखे तिच्या पाठीवर वावरतो, पण तिला त्याची खबर नाही. ती करून देण्यासाठी हा गृहस्थ इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात आठ मैल खोल विहीर खणतो आणि विंधनयंत्राचे टोक तळाशी उघड्या पडलेल्या त्या मांसात घुसवतो. पुढे काय होते ते कथेच्या नावातच आले आहे!

आता प्रश्न असा, की शिक्षकांसाठी लिहिताना ही अद्भुत गोष्ट आम्ही का सांगत बसलो? कारण असे, की विज्ञानकथा ही फावल्या वेळात वाचायची करमणूक, विज्ञानाच्या तासाला तिचे काय काम, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. आमचे मत वेगळे आहे. चांगली विज्ञानकथा विद्यार्थ्याला विज्ञानाची फारशी माहिती देत नाही हे खरे. पण विज्ञान ज्या रीतीने विचार करते ती रीत मात्र शिकवते. आणि ज्या खोऱ्यात जमीन अधूनमधून हलते आणि प्रत्येक धक्क्यामागून एखादी अफवाही येते, तेथे ही रीत मुलांना येणे अगत्याचे आहे.

एक थाप माफ

ती रीत सोपी आहे. लेखकाला एक ‘समजा’ माफ असतो. समजा, माणूस अदृश्य झाला. समजा, काळातून मागेपुढे जाता आले. समजा, पृथ्वी जिवंत आहे. एवढी एक थाप वाचक खपवून घेतो. पण त्यानंतर मात्र ‘तर मग काय व्हायला हवे?’ या प्रश्नाचे उत्तर लेखकाने प्रामाणिकपणे द्यायचे. तेथे दुसरी थाप चालत नाही.

ही कसोटी डॉइलच्या कथेला लावून पाहू. चॅलेंजरची माणसे आठ मैल, म्हणजे सुमारे १३ किलोमीटर, खाली उतरतात. जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढते. ठिकाणाप्रमाणे दर किलोमीटरला साधारण १५ ते ३० अंश सेल्सिअस. पृष्ठभागावर २५ अंश धरले, तर विहिरीच्या तळाशी २२० ते ४१५ अंश तापमान असेल. हा हिशोब आठवीचा विद्यार्थीही करू शकेल. प्रत्यक्षातला पुरावाही आहे. सोव्हिएत संघाने कोला द्वीपकल्पात पाडलेले भोक १९८९ साली १२ किलोमीटर २६२ मीटरपर्यंत पोचले. तेथे तापमान १८० अंशांच्या घरात निघाले आणि पुढे खोदणे अशक्य झाले. म्हणजे पृथ्वी जिवंत असल्याची थाप आपण डॉइलला माफ केली, तरी तळाशी उतरलेली माणसे जिवंत राहिली, ही दुसरी थाप झाली. ती पकडण्यातच विद्यार्थ्यांचे शिक्षण आहे.

एच. जी. वेल्सच्या बाबतीतही असेच. वेल्स हा हाडाचा शिक्षक. लंडनमध्ये टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली त्याने जीवशास्त्राचे धडे घेतले, शाळांतून शिकवले, आणि १८९३ साली जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले. ‘द टाइम मशीन’ (१८९५), ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१८९७) आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) ही त्याची गाजलेली पुस्तके त्यानंतरची. त्याच्यातला शिक्षक अदृश्य माणसाच्या कथेतही लपत नाही. काच हवेत दिसते, पाण्यात कमी दिसते, कारण काच आणि पाणी यांच्या अपवर्तनांकातला फरक कमी असतो; शरीराचा अपवर्तनांक हवेइतका केला तर शरीर दिसणार नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. प्रयोगशाळेतली उष्णतारोधक काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवून पाहा. बुडालेला भाग जवळजवळ नाहीसा होतो, कारण दोघांचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास असतो.

एवढे दाखवून झाले, की वर्गाला विचारावे : ‘या अदृश्य माणसाला स्वतःला दिसेल का?’ थोडा वेळ द्या. कोणीतरी हात वर करीलच. डोळ्यातले भिंग हवेसारखेच झाले तर प्रकाश वळणार नाही, आणि दृष्टिपटल पारदर्शक झाले तर प्रकाश शोषला जाणार नाही. प्रतिमा नाही आणि संवेदनाही नाही. पूर्णपणे अदृश्य माणूस पूर्णपणे आंधळा असेल!

कोयनेचा ‘समजा’

हीच रीत खुद्द कोयनेच्या बाबतीत कशी वापरली गेली ते पाहण्यासारखे आहे. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूभाग, तेथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी पूर्वी समजूत होती. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा धक्का बसला. त्याची तीव्रता ६.३ मानली जाते. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली.

धरणाच्या पाण्याने जमीन हलते, हे वाक्य त्या काळी कथेतलेच वाटले असते. शास्त्रज्ञांनी ते ‘समजा’ म्हणून घेतले आणि विचारले : तर मग काय दिसायला हवे? धक्क्यांची केंद्रे जलाशयाच्या आसपास दाटलेली दिसायला हवीत. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर त्यांची संख्या वाढायला हवी. जगात इतरत्र अशा धरणांपाशीही असे घडायला हवे. या तिन्ही गोष्टी पडताळल्या गेल्या. चीनमधील शिनफेंगजियांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३) आणि ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) ही तशीच उदाहरणे निघाली.

पण आणखी एक प्रश्न उरला. भूकंप पाण्यानेच होत असतील, तर प्रत्येक मोठ्या धरणाजवळ ते व्हायला हवेत. तसे होत नाहीत. बहुतेक जलाशय शांत आहेत. तेव्हा नुसते पाणी पुरेसे नाही. खडकात आधीपासून भेग हवी आणि ती सरकण्याच्या बेताला आलेली हवी. पाण्याचा भार आणि भेगेत मुरलेल्या पाण्याचा दाब तिला शेवटचा धक्का देतो. यामुळेच पाणी भूकंप ‘घडवते’ असे न म्हणता त्याला ‘चालना देते’ असे शास्त्रज्ञ म्हणतात. हा शब्दांचा खेळ नव्हे. ‘समजा’ची शिस्त पाळली म्हणून हा फरक हाती लागला.

ढग केव्हा येणार?

या शिस्तीचा उत्तम नमुना म्हणून आम्ही फ्रेड हॉइल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या कादंबरीचे नाव घेऊ. हॉइल हे केंब्रिजचे नामांकित खगोलशास्त्रज्ञ. तारकांदरम्यानच्या वायूच्या ढगांचा अभ्यास त्यांनी १९३९ पासूनच केला होता, आणि कादंबरीचा नायकही असाच एक ढग आहे. तो सूर्यमालेकडे येतो आहे. अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांना तो छायाचित्रांवरून कळतो, तर इंग्लंडमधल्यांना ग्रहांच्या जागा हिशोबापेक्षा थोड्या सरकलेल्या आढळतात म्हणून. दोन स्वतंत्र वाटांनी एकच निष्कर्ष निघतो, तेव्हा त्यावर विश्वास बसतो. ढग जिवंत आणि बुद्धिमान असतो, ही हॉइल यांची एकमेव मोठी थाप.

तो ढग पृथ्वीपाशी केव्हा पोचेल, याचे गणित कादंबरीतले शास्त्रज्ञ फळ्यावर करतात. त्याची गंमत अशी, की ढग किती मोठा आहे, किती दूर आहे, किती वेगाने येतो आहे, यातले काहीच माहीत नसले तरी चालते. फक्त तो आकाशात किती मोठा दिसतो आणि हे दिसणे किती वाढते, एवढे पुरते.

हे गणित कोयनानगरच्या विद्यार्थ्यांना रस्त्याकडेला करून पाहता येईल. कराड-चिपळूण रस्त्यावर संध्याकाळी समोरून सरळ येणारी एसटी दुरून दिसेल अशी, रस्त्यापासून बरीच बाजूला असलेली उंच सुरक्षित जागा निवडा. हात ताठ करून मोजपट्टी धरा आणि गाडीच्या दोन दिव्यांमधले अंतर मोजा. समजा, ते ४ मिलिमीटर आले आणि १० सेकंदांनी ५ मिलिमीटर. वस्तू जितकी जवळ तितकी मोठी दिसते, म्हणून दोन वेळचे खरे अंतर ५ : ४ या प्रमाणात असले पाहिजे. पाच भागांपैकी एक भाग अंतर १० सेकंदांत कापले गेले, चार भाग उरले. तेव्हा गाडी आणखी ४० सेकंदांनी पोचेल. सूत्र असे :

उरलेला वेळ = (पहिले माप ÷ मापातील वाढ) × मधला काळ

आता ढगाकडे वळू. समजा, एका महिन्यात त्याचा दिसणारा व्यास १०० वरून १०५ झाला, म्हणजे ५ टक्के वाढला. १०० भागिले ५ म्हणजे २०. ढग आणखी २० महिन्यांत येणार! घड्याळ लावून गाडीचा अंदाज ताडून पाहावा. तो चुकेल, आणि का चुकला यावर खरी चर्चा होईल. वळणावर गाडी मंदावली का? मोजमापात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर उत्तर किती बदलते? ढगाच्या बाबतीत सूर्याच्या आकर्षणाने वेग वाढत गेला तर तो लवकर येईल की उशिरा? कादंबरीतली धास्ती अशी वहीवरच्या गणितातून अंगावर येते.

छोट्या पडद्यावरचे दोन शिक्षक

ब्रिटनमध्ये हा विचार पुस्तकांपुरता राहिला नाही. बीबीसीने १९५३ साली ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ ही मोठ्यांसाठीची विज्ञाननाट्यमालिका दाखवली. १९६१ मध्ये हॉइल यांनी जॉन एलियट यांच्याबरोबर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लिहिली. दूरच्या अवकाशातून आलेला रेडिओ संदेश म्हणजे एक संगणक बांधण्याची कृती असते, असा तिचा विषय. अवकाशातले असे संदेश टिपण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी १९६० साली केला होता. अवघ्या एका वर्षात ती कल्पना घराघरांतल्या पडद्यावर आली.

शिक्षकांना मात्र सर्वांत जवळची वाटावी अशी मालिका म्हणजे ‘डॉक्टर हू’. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. काळातून फिरणाऱ्या डॉक्टरबरोबर पहिल्या प्रवासाला निघतात ते त्याच्या नातीचे दोन शिक्षक : विज्ञानाचा इयन चेस्टरटन आणि इतिहासाची बार्बरा राइट. भूतकाळात गेले की इतिहास शिकवायचा, भविष्यात किंवा परग्रहावर गेले की विज्ञान, अशी मूळ योजना होती. पहिल्या कथेचे दिग्दर्शन वारिस हुसेन या लखनौमध्ये जन्मलेल्या तरुणाने केले होते. लवकरच ‘डॅलेक’ नावाचे खलनायक लोकांना इतके आवडले, की मालिकेचा शिकवण्याचा हेतू मागे पडत गेला. तरी योजना आजही उपयोगी आहे. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून एक तास घ्यावा, ही सूचना आम्ही गंभीरपणे करीत आहोत. तो कसा घ्यावा, ते पुढे पाहू.

केंब्रिजहून कराडला

ही परंपरा मराठीत एका ठळक वाटेने आली. कोल्हापूरला जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर (१९३८-२०२५) हे १९५७ साली केंब्रिजला गेले आणि तेथे त्यांनी हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. १९७२ मध्ये ते भारतात परतले. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. पण आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेतले. आपलीच आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. आपले काम नावावर नव्हे, गुणांवर तपासले जावे, हा आग्रहही शास्त्रज्ञालाच शोभणारा.

पुढच्याच वर्षी, १९७५ साली, कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. कोयना जेथे कृष्णेला मिळते त्या गावी अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथांची आवर्जून दखल घेतली. मराठी साहित्याच्या मांडवात विज्ञानकथेला मानाचे पान मिळाले ते या प्रीतिसंगमाच्या काठी.

नारळीकरांनी आपल्या गुरूची शिस्त घेतली, पण माती इथलीच ठेवली. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत पुरातन पेटीतून मिळालेल्या माहितीवरून यंत्रमानव तयार होतो. ही कल्पना वाचताना ‘अँड्रोमेडा’ची आठवण होते, पण तीन पावलांत सर्व व्यापणाऱ्या बटूचे नाव तिला देताच ती कथा आपली होते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतला ‘समजा’ तर एवढाच, की १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली. या कथेचे इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आले, ते अनेकांनी शिकवलेही असेल.

दोन शिक्षकांच्या तासाला ही कथा उत्तम. विज्ञानाच्या शिक्षकाने विचारावे : लहानशा फरकाने फार मोठा परिणाम घडतो अशी निसर्गातली उदाहरणे कोणती? इतिहासाच्या शिक्षकाने विचारावे : गोळी हुकली असती, तर १८४८ साली डलहौसीला साताऱ्याचे राज्य खालसा करता आले असते का? अट एकच. प्रत्येक उत्तरामागे कारण हवे, आणि एका ‘समजा’वर दुसरा ‘समजा’ रचायचा नाही.

शिस्त सुटली की

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कल्पनाशक्ती मोठी असली म्हणजे पारखही येतेच असे नाही. होम्सच्या तोंडून तर्काचे धडे देणाऱ्या डॉइलने दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची बनावट छायाचित्रे खरी मानली आणि १९२२ साली त्यावर पुस्तक लिहिले. कार्बनच्या अणुकेंद्राची एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांत एवढा कार्बन तयार झाला नसता, असे हॉइल यांनी १९५३ मध्ये सांगितले. प्रयोगात ती सापडली. त्याच हॉइल यांनी पुढे फ्लूचे विषाणू अवकाशातून येतात असा दावा केला. पुराव्याने तो तरला नाही. विश्वाची स्थिर स्थिती मानणारा त्यांचा सिद्धान्तही १९६५ साली विश्वातील पार्श्वप्रारण सापडल्यावर मागे पडला. माणूस तोच, प्रतिभा तीच. एक ‘समजा’ कसोटीला उतरला, दुसरे नाही उतरले. कोणी सांगितले यावर नव्हे, काय दिसले यावर निकाल लागतो.

कोयनेच्या खोऱ्यात एखाद्या दिवशी मुले वर्गात येऊन सांगतात, अमुक तारखेला मोठा धक्का येणार आहे म्हणे. त्यांना गप्प बसवू नये. ‘समजा, हे खरे आहे,’ असे म्हणून फळ्यावर लिहावे : हा धक्का कोठे, किती मोठा, कोणत्या मोजमापावरून? तेच मोजमाप मागच्या धक्क्यांच्या आधी काय दाखवत होते? तारीख टळली तर सांगणारा काय म्हणणार? भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगण्याची खात्रीची पद्धत आज जगात कोठेही नाही, हे शेवटी सांगावेच. त्याबरोबर धक्का केव्हाही येऊ शकतो म्हणून टेबलाखाली डोके कसे सांभाळायचे आणि धक्का थांबल्यावर मोकळ्यावर कसे यायचे, याची उजळणी त्याच तासाला करून घ्यावी.